तात्या तिचं ऐकायचे

यादी ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागली होती. वर दोन नावं, मग एक रेघ, आणि रेघेखाली 'प्रतीक्षा यादी' असं लिहून माझं एकटीचं नाव. बारामतीच्या आमच्या कृषी महाविद्यालयातून दोन मुलींना एका सत्रासाठी नेदरलँडच्या विद्यापीठात पाठवणार होते. वरच्या दोन नावांतलं एक माझ्या मैत्रिणीचं होतं. अडीच वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, कुणीतरी मागं हटेल, तुझंही होईल. कुणी मागं हटलं नाही. दिवाळीनंतर मी रोज सकाळी उठले की मनाशी म्हणायची, दोघींतल्या एकीचा व्हिसा अडकू दे. नेमका कुणाचा, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

ती गेली आणि दोनच दिवसांनी तिचे स्टेटस सुरू झाले. खोलीची किल्ली. खिडकीबाहेरचं ओलं गवत. पुढं टोपली लावलेली सायकल. मी सगळे बघायची, पण मी बघितलं हे तिला कळू नये म्हणून फोनमधली ती सोय बंद करून ठेवली होती.

त्याच आठवड्यात माती शिकवणाऱ्या सरांनी बोलावलं. आपल्या दोघी तिकडं गेल्या तशी तिकडची एक मुलगी इकडं येणार आहे, म्हणाले. पाणी साचून खराब झालेल्या जमिनीवर तिचं काम आहे. तुमच्या लासुर्ण्याच्या पट्ट्यात तशी जमीन आहे, तुमच्या स्वतःच्या वावरातही आहे असं तूच प्रकल्पात लिहिलं होतंस. हॉस्टेलवर ठेवण्यापेक्षा ती तुमच्याकडं राहिली तर बरं. घरच्यांना विचारून सांग.

मी घरी विचारलं, पण नाही म्हणावं अशा बेतानं विचारलं. त्या लोकांना वेगळं न्हाणीघर लागतं, आपलं तिखट चालत नाही, तिचे हाल होतील आणि नाव आपलं खराब होईल, असं सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "येऊ दे की. तुझ्या खोलीत जागा हाय." वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. ते तसे कमी बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "माती बघायला येनार म्हंजी शेतकऱ्याची हाय का?"

मला माहीत नव्हतं. पण ती होती.

जानेवारीच्या मध्यावर ती आली. पाठीवर मोठी पिशवी, आखूड केस, आणि इतकी उंच की पहिल्याच दिवशी गोठ्याच्या चौकटीला तिचं कपाळ आपटलं. मी माझं अर्धं कपाट रिकामं करून दिलं होतं. तिनं तिचे चार कपडे ठेवले तरी एक कप्पा उरला, तो तिनं मला परत दिला. पहिल्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं. आईनं तिला तीन दिवस ताकभातावर ठेवलं. बादलीतल्या पाण्यानं अंघोळ कशी करायची, ते तिला दाखवावं लागलं. पहाटे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांची गाणी सुरू झाली की ती दचकून उठायची. मी वाट बघत होते की ती आता तक्रार करेल, सरांना फोन करेल, हॉस्टेलवर जाते म्हणेल. तिनं काही म्हटलं नाही. आठव्या दिवशी तिनं ठेच्याला बोट लावून बघितलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं परत लावलं.

तिच्या घरी गाई होत्या, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. यंत्रावर धार काढायची सवय, त्यामुळं हातानं काढायला तिला जमत नव्हतं. ती आईशेजारी उकिडवी बसून शिकायची. एका सकाळी तिनं आमच्या तांबड्या गाईच्या कासेला हात लावला, मग परत लावला, आणि मला इंग्रजीत म्हणाली की मागचा एक सड गरम लागतोय. मी आईला सांगितलं. आईनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, "व्हय की, दगडी हुतीया." दगडी म्हणजे कासेला सूज येते, वेळेवर कळलं नाही तर सड कायमचा जातो. डॉक्टरला बोलावलं, सड वाचला. दुपारपर्यंत आईनं ही गोष्ट सगळ्या वस्तीला सांगितली होती. मी गेली दहा वर्षं त्या गोठ्यात शेण काढत होते. माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्या गोठ्यात काही घडलं नव्हतं.

मी तिला शिकवलं होतं की आईला काकी म्हण. आईनंच ते मोडलं. "काकी कशाला? आई म्हन." ती दुसऱ्या दिवसापासून माझ्या आईला आई म्हणायला लागली, आणि आई माझ्या हाकेला जसं 'काय गं' म्हणायची तसंच तिच्याही हाकेला म्हणायला लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पलीकडच्या खोलीतून 'मी न्हाय हाक मारली' असं ओरडून सांगितलं होतं. दोघी हसल्या. मी पण हसले.

लासुर्ण्याहून बारामतीला आम्ही एसटीनं जायचो. आधी मी एकटी जायची तेव्हा पिंपळी येईपर्यंत बसायला जागा मिळाली तर नशीब. आता ती चढली की कुणीतरी उठून तिला जागा द्यायचं. ती नको म्हणायची, ते ऐकायचे नाहीत. मग ती बसायची आणि मी दोघींचे डबे घेऊन तिच्या शेजारी उभी राहायची, कारण बायका तिला विचारत असायच्या की लग्न झालं का, आईबाप काय करतात, एवढ्या लांब कसं सोडलं, आणि ते सगळं सांगायला मी लागायची.

सगळ्यात जास्त मला कशाचा राग यायचा ते सांगते. पहिल्या वर्षाला मी कॉलेजात 'हितं', 'न्हाय', 'आमी' असं बोलायची. बारामती शहरातल्या मुली हसायच्या. वाईट मनानं नाही, पण हसायच्या. मी सहा महिन्यांत तोंड घासून पुसून घेतलं. कॉलेजात 'आहे', घरी 'हाय'. ही आमच्या घरात मराठी शिकली, माझ्या आईकडून शिकली, आणि कॉलेजात जाऊन बिनधास्त म्हणाली, "मला भूक न्हाय. आईनं भाकर दिली हाय." सगळा वर्ग खूश. पोरं तिच्याभोवती जमली, परत म्हण, परत म्हण. सरसुद्धा म्हणाले, वा, अस्सल बोलते. माझं जे तोंडातून काढून टाकायला लावलं, तेच तिच्या तोंडात गोड लागत होतं. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत एक काचेची नळी फोडली. हातातून निसटली असं सांगितलं.

पण हे सगळं किरकोळ होतं. खरं जे झालं ते खालच्या वावरात झालं.

आमचं खालचं वावर ओढ्याला लागून आहे. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी आणि ऊस, ऊस आणि पाणी. हळूहळू त्या जमिनीत पाणी मुरायचं थांबलं. हिवाळा संपत आला की वर पांढरा थर यायचा, मीठ शिंपडल्यासारखा. ऊस लावला तर हातभर वाढून पिवळा पडायचा. शेवटी तात्यांनी ते सोडून दिलं होतं. मी दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात हे शिकले आणि त्याच संध्याकाळी तात्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. जमिनीखाली भोकं पाडलेले पाईप उतारानं घालायचे, साचलेलं खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं, मग वरून गोडं पाणी देऊन जमीन धुवायची. तात्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "पाईपात मुळ्या जात्यात." मी सांगितलं की पाईपाभोवती गाळणी गुंडाळतात, मुळ्या जात नाहीत, गाळ जात नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दोन दिवसांनी धुणं धुताना तो कागद मला सदऱ्याच्या खिशात सापडला, लगदा झालेला. मी नंतर अजून दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "पेपरात लिही ते. मार्क मिळत्याल."

ती त्या वावरात पहिल्यांदा उतरली तेव्हा तात्या तिच्याबरोबर गेले. माती काढायचं गिरमिट तिनं कॉलेजातून आणलं होतं. तिनं दोन-तीन फेरे मारले, तात्यांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः फिरवायला लागले. मग रोजचंच झालं. सकाळी धारा झाल्या की दोघं खाली. ती खुणेनं जागा दाखवणार, तात्या गिरमिट फिरवणार, ती माती पिशवीत भरून चिठ्ठी लावणार. पाण्याची पातळी बघायला तिनं सात-आठ ठिकाणी उभे पाईप पुरले. त्यातला एकसुद्धा मला पुरायला मिळाला नाही. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगत होते.

एक दिवस तिनं काठीनं मातीत चित्र काढलं. तेच चित्र. उताराची रेघ, भोकांचे पाईप, ओढा. तात्या गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "मुळ्या जानार न्हाईत का?" मी तिला विचारलं. तिनं सांगितलं. मी तात्यांना सांगितलं की पाईपाभोवती गाळणी गुंडाळतात, मुळ्या जात नाहीत, गाळ जात नाही.

"हां," तात्या म्हणाले. "मग जमंल."

माझ्याच तोंडातून निघालेले, माझेच शब्द होते. दीड वर्षापूर्वीचेच. फक्त आता ते तिचे होते. संध्याकाळी शेजारच्या मळ्यातले एक जण चहाला आले तेव्हा तात्या त्यांना सांगत होते, "ती म्हनती पाईप घालाय लागत्याल. लई अभ्यास हाय पोरीचा." मी चहा ओतत होते. कपात कमी आणि बशीत जास्त पडला.

त्यानंतर मी तिच्याशी नीट बोलत होते, पण आत काहीतरी वेगळंच चालू होतं. ती झोपली की तिचा चेहरा बघून मला वाटायचं, हिला घरची आठवण येत नाही का? हिला काहीच अवघड कसं जात नाही? माझी मैत्रीण तिकडं माझ्या जागेवर, ही इकडं माझ्या जागेवर, आणि मी रेघेच्या खाली.

मार्चमधली गोष्ट. नरसिंहपूरला माझी आत्या राहते. भीमा आणि नीरा मिळतात तिथून तिचं घर हाकेच्या अंतरावर. पाहुणी आल्यापासून आत्या फोनवर म्हणत होती की घेऊन या. एका शनिवारी संध्याकाळी आई आत घरात होती, आम्ही तिघं गोठ्यात होतो. वैरण टाकता टाकता तात्या थेट तिच्याकडं बघून म्हणाले, "उद्या आत्याकडं जायाचं हाय, नरसिंहपूरला. तू बी चल. संगम दावतो तुला."

तिनं नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं.

मी इंग्रजीत सांगितलं की उद्या घरचे एका नातेवाइकाकडं चाललेत, घरगुती काम आहे. गाईंजवळ कुणीतरी लागेल, तर तू घरी थांबशील का, असं तात्या विचारतायत.

तिनं एकदा तात्यांकडं बघितलं. मग इंग्रजीतच म्हणाली की थांबते, काही अडचण नाही.

मी तात्यांकडं वळले आणि म्हणाले, "तिला लिहायचं काम हाय. ती घरीच थांबते म्हनती."

तात्या म्हणाले, "बरं." आणि हातातली पेंडी दावणीत टाकली. मी हे आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून निघाल्यावर मागंही घेतलं नाही. दोन्ही बाजूंना मीच होते, त्यामुळं ते सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी आई, तात्या आणि मी गेलो. आत्यानं पुरण घातलं होतं, आणि दारातच तिचं पहिलं वाक्य, "पावनी कुठाय?" आईनं सांगितलं की तिला अभ्यास आहे. आत्याचा चेहरा पडला. जेवण झाल्यावर तात्या आणि मी घाटावर गेलो. किती तरी महिन्यांनी मी त्यांच्याबरोबर एकटी होते. मला वाटलं होतं की आता बोलू, माझ्या पुढच्या वर्षाचं, एमएस्सीचं. तात्या पायऱ्यांवर बसले, दोन्ही नद्यांकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तिला दावाय पायजे हुतं हे. तिच्या देशात म्हनं समदं पानीच हाय."

परत आलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. तिनं गोठा झाडला होता, गाईंना पाणी पाजलं होतं, अंगणात वाळत घातलेले कपडे घड्या करून ठेवले होते. त्यात माझेही होते. आत्यानं दिलेल्या पोळ्या तिनं खाल्ल्या आणि आईला "छान हाय" म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, पण मला वाटलं दमली असेल.

बुधवारी आम्ही दोघीच खालच्या वावरात होतो. तात्या कारखान्यावर गेले होते. ती उभ्या पाईपात फूटपट्टी सोडून पाणी मोजत होती, मी वहीत लिहीत होते. तिनं फूटपट्टी बाहेर काढली, पुसली, आणि मराठीत म्हणाली, "तात्या 'चल' म्हनाले. तू येगळं सांगितलं."

मी वहीतून वर बघितलंच नाही.

"मला कळलं हुतं," ती म्हणाली. "तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी पावनी हाय तुझ्या घरात."

पुढचं ती इंग्रजीत बोलली, कारण तेवढं मराठी तिला येत नव्हतं. त्या रविवारी दुपारी ती गोठ्यात बसून रडली होती. आल्यापासून तसं कितीदा तरी रडू येत होतं, म्हणाली, पहिल्या महिन्यात तर रोज. अंघोळीला गेल्यावर रडायची, बादलीत पाणी सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही. पण आईजवळ बसलं की बरं वाटायचं, तात्यांबरोबर वावरात गेलं की बरं वाटायचं. आपण इथं नकोय असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि तिला तसं वाटायला लावणारी मी होते. तिच्या वयाची, तिच्याच खोलीतली. 'तुझ्या खोलीतली,' असं तिनं मग सुधारून म्हटलं.

मला बादलीचा आवाज आठवत होता. रोज इतकं पाणी कशाला लागतं हिला, असं मी एकदा आईला म्हटलंही होतं.

मी तिला खरं सांगितलं. हेच पाईप, हेच चित्र मी दीड वर्ष सांगतेय, असं सांगितलं. सदऱ्याच्या खिशातल्या लगद्याचं सांगितलं. यादीचं आणि रेघेचं पण सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा राग गेला नाही. ती म्हणाली की त्याचा राग तिच्यावर काढायचं कारण नव्हतं. ते खरंच होतं. पुढचे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, तेही इंग्रजीत. एसटीत तिला जागा मिळाली की ती उठून उभी राहायची, आणि मग आम्ही दोघी उभ्या, मध्ये एक सीट रिकामी.

शेवटी मी आईला सांगितलं. सकाळी ती चुलीपुढं होती, मी पिठाचा डबा धरून बसले होते. आई रागावेल असं वाटलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुझ्या बापानं तुझं ऐकलं न्हाय. त्यात तिचा काय दोष?" थोड्या वेळानं म्हणाली, "तिची माफी माग. आन् तात्यांना बी सांग."

माफी मी त्याच दिवशी मागितली, एसटीत, रिकाम्या सीटच्या दोन बाजूंना उभं राहून. ती म्हणाली, बरं. तात्यांना मी सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी तिचं मोजण्याचं काम संपलं. पाण्याची पातळी, मातीचे तक्ते, उताराचा नकाशा, सगळं तयार झालं. तात्यांना ते समजावून सांगायचं होतं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली की उद्या मी बोलणार नाही, तू सांग. आकडे माझे आहेत, पण हे वावर तुझं आहे. मला ते आवडलं आणि नाहीही आवडलं. आपली जागा कुणी आपल्याला उचलून द्यावी, हे बरं वाटत नाही.

तरी मी सांगितलं. ओसरीवर नकाशा अंथरला. तात्या समोर, आई दारात, ती भिंतीला टेकून गप्प. पाईप कुठून घ्यायचे, किती खोल घालायचे, ओढ्यात कुठं सोडायचे, पहिली दोन वर्षं ऊस अजिबात लावायचा नाही, गहू घ्यायचा, हे सगळं मी नीट, सावकाश सांगितलं. माझ्या आयुष्यात मी तात्यांपुढं इतकं सलग कधी बोलले नव्हते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबले.

तात्यांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "व्हय का?"

ती म्हणाली, "व्हय."

"मग करू," तात्या म्हणाले.

ती माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, हसू दाबल्यासारखे. मला आधी रडू येईल असं वाटलं, पण मग मलाही हसू आलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तात्यांना कळेना काय झालं ते. त्या दिवसानंतर आम्ही दोघी नीट बोलायला लागलो. तिच्या घरी गोठ्याचं सगळं तिचा थोरला भाऊ बघतो, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. त्याच्यापेक्षा तिला गाई जास्त कळतात, हेही सांगितलं. मी तिला विचारलं, मग तुझ्या घरी कुणाला पाठवू सांगायला? ती म्हणाली, तूच ये.

मेमध्ये ती गेली. आईनं तिला चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि स्वतःच्या दोन साड्यांची शिवलेली गोधडी दिली. ती गोधडी माझ्यासाठी शिवायला घेतली होती, निदान माझा तसा समज होता. बारामतीच्या स्टँडवर आई रडली, तात्या उगाच गाडीच्या टायरकडं बघत उभे राहिले. मीही रडले, पण घरी येऊन कपाटात माझे कपडे परत पसरून ठेवताना मला हलकं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. माझी मैत्रीण जूनमध्ये परत आली. तिनं चॉकलेटं आणली आणि तीन दिवस तिकडच्या गोष्टी सांगितल्या. मी ऐकल्या. पहिल्यासारखं नाही टोचलं, पण टोचलं.

पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आणून आम्ही पाईप घातले. नकाशा हातात घेऊन चर कुठून जाणार ते चुन्यानं आखायचं काम मी केलं. उताराची पातळी मी धरली. बघायला येणाऱ्यांना तात्या सांगायचे, "नेदरलँडच्या पोरीनं सांगितलं हाय." मी त्यांच्यापासून चार हातांवर चुना घेऊन उभी असायची.

पदवी झाली आणि एमएस्सी करता करता मला इंदापूरला एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. हिवाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी इंदापूरहून एसटीनं घरी येत होते. फोन वाजला. तिचा मेसेज होता, सोबत एक फोटो. फोटोत ओलसर काळी जमीन आणि त्यात ओळीनं वर आलेले गव्हाचे हिरवे कोंब. खाली तिनं विचारलं होतं, तुझं खालचं वावर ना हे? किती छान! तू बघितलंस का?

मी बघितलं नव्हतं. दोन आठवडे मी सकाळी अंधारात निघून संध्याकाळी अंधारात परतत होते. माझ्या घरच्या वावरात गहू उगवला, आणि ते मला नेदरलँडहून कळलं.

घरी पिशवी टाकून मी तशीच खाली गेले. त्या दिवशी लवकर सुटले होते, उजेड अजून थोडा शिल्लक होता. तात्या बांधावर होते. मी म्हणाले, "तिला फोटो पाठवला. मला न्हाय पाठवला."

तात्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "तुला फोटो कशाला? तुला वावर दावनार हुतो. रविवारी."

मी कोंबांमधून चालत गेले. तीन बाजूंना चांगलं उगवलं होतं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात मात्र जमीन पांढरीच होती, पाऊल टाकलं तर चप्पल चिकटत होती. मी तात्यांना हाक मारून दाखवलं. इथला पाईप तुंबलाय, मी म्हणाले, तोंडाशी गाळ बसला असेल.

तात्यांनी खिशातून फोन काढला. "तिला पाठवून इचारू का?"

"इचारा," मी म्हणाले. "पर आदी खोरं आना."

ते खोरं आणायला गेले. मी ओढ्यात उतरले, पाईपाचं तोंड शोधलं आणि हातानं गाळ उपसायला सुरुवात केली.